कामाचा हुरूप आतून यावा यासाठी विभागप्रमुखाने काय करावे

भाद्रपद जवळ आला की भोसरी-चिंचवडच्या मशीनशॉपमध्ये दरवर्षी एक गोष्ट हटकून दिसते. ज्याच्याबद्दल सुपरवायझर वर्षभर "याचे कामात लक्ष नाही" असे सांगत असतो, तोच ऑपरेटर दुसरी पाळी संपवून मध्यरात्री मंडळाच्या मांडवात जातो आणि पहाटेपर्यंत देखाव्याचे काम करतो. माझ्या हाताखाली असा एक तिशीतला ऑपरेटर होता. त्याने भंगारातून आणलेल्या वायपर मोटरला कॅम, म्हणजे फिरता फिरता दुसरा भाग वर-खाली ढकलणारी चकती, बसवून देखाव्यातल्या हत्तीची सोंड हलती केली होती. सोंड वर सावकाश जायची, पण खाली येताना धपकन पडायची, म्हणून त्याने तो कॅम तीन वेळा कानशीने घासून त्याचा आकार बदलला. मांडवात उभे राहून ती सोंड पाहताना मला त्याच्या वार्षिक मूल्यमापनाच्या कागदावरची "पुढाकार घेत नाही" ही ओळ आठवली. ती मीच लिहिली होती. पुढाकार त्याच्याकडे भरपूर होता. तो आमच्या फाटकाच्या आत आणण्याजोगे त्याला काही दिसत नव्हते.

कारखान्यात, कार्यालयात किंवा बँकेच्या शाखेत माणसे सांभाळणाऱ्या प्रत्येकाने सुरुवात इथून करावी, असे मला मनापासून वाटते. माणूस रिकामा असतो आणि आपण त्यात उत्साह ओतायचा असतो, ही समजूत आधी सोडावी लागते. ती सोडली की भाषणे, घोषणांचे फलक आणि "चला, जोर लावा" ही आरोळी आपोआप कमी होते, आणि हा माणूस कोणत्या ठिकाणी हात आखडता घेऊ लागला, याचा शोध सुरू होतो. रोचेस्टर विद्यापीठातील एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून असे मांडले की, कामात मन रमण्यासाठी माणसाला तीन गोष्टी लागतात: काही बाबी स्वतःच्या मर्जीने ठरवता येणे, आपल्याला हे जमते असा अनुभव येणे आणि आजूबाजूच्या माणसांशी आपलेपणाचे नाते असणे. गणेश मंडळाच्या मांडवात या तिन्ही गोष्टी असतात आणि पगार मात्र नसतो. आपल्या विभागात पगार असतो आणि या तिन्हींपैकी किती असतात, हे प्रत्येक प्रमुखाने एकदा प्रामाणिकपणे मोजून पाहावे.

आधी पगार, पाळी आणि शब्द

याचा अर्थ पगार गौण आहे असा कोणी काढू नये. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ साली अमेरिकेतील पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० अभियंत्यांच्या आणि हिशेबनीसांच्या मुलाखतींवर आधारलेले काम प्रसिद्ध केले. पगार, वरिष्ठांची वागणूक, कामाची जागा, नोकरीची शाश्वती या गोष्टी बिघडल्या की माणूस नाराज होतो, पण त्या नीट असल्या म्हणजे तो कामात रंगतोच असे नाही, हे त्यांचे मुख्य निरीक्षण होते. या निरीक्षणाचा दुसरा अर्धा भाग व्यवस्थापकांना फार आवडतो आणि पहिला अर्धा ते विसरतात. ओव्हरटाइमचा हिशेब दोन महिने चुकत असेल, सुरक्षेचे बूट फाटलेले असतील, बहिणीच्या लग्नासाठी मागितलेली रजा आदल्या दिवशी नाकारली असेल, तर त्या माणसाशी स्वयंप्रेरणेबद्दल बोलणे म्हणजे त्याच्या तोंडाला पाने पुसणे आहे.

म्हणून पहिला आठवडा केवळ तक्रारी ऐकण्यात घालवावा. ऐकलेली प्रत्येक तक्रार वहीत लिहावी आणि तिच्यापुढे तीनपैकी एक शेरा मारावा: माझ्या हातात आहे, माझ्या हातात नाही पण मी वर मांडीन, किंवा होणार नाही. तिसरा शेरा स्पष्ट सांगण्याचे धाडस बहुतेक प्रमुखांना होत नाही, पण माणसे नकार पचवतात, टोलवाटोलवी पचवत नाहीत. कंत्राटी कामगाराला तुम्ही कायम करू शकत नसाल, तर तसे सांगा. त्याचे काम पुढच्या महिन्यात आहे की नाही हे मात्र त्याला महिना संपण्याच्या पुरेसे आधी कळेल, एवढी व्यवस्था बहुधा तुमच्या हातात असते.

बक्षिसाचा हात जपून वापरावा

डेसी यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग प्रत्येक विभागप्रमुखाला ठाऊक असावा. त्यांनी विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. एका गटाला दुसऱ्या बैठकीत प्रत्येक सुटलेल्या कोड्यामागे एक डॉलर मिळाला आणि तिसऱ्या बैठकीत तो बंद झाला. मधल्या मोकळ्या वेळात कोण स्वतःहून कोड्याशी खेळते, याचे गुपचूप निरीक्षण केले, तेव्हा पैसे मिळालेल्या गटाची कोड्यातली गोडी पूर्वीपेक्षा घटलेली दिसली. १९७३ साली मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांवर असाच अभ्यास केला. चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितलेली मुले काही दिवसांनी मोकळ्या वेळात चित्रे कमी काढू लागली. तेच प्रशस्तिपत्र ज्यांना काही न सांगता नंतर मिळाले, त्यांच्यात अशी घट आढळली नाही.

हा फरक आपल्या कामाचा आहे. मी नोकरी केलेल्या एका कारखान्यात सूचनापेटी होती आणि प्रत्येक स्वीकारलेल्या सूचनेमागे ठरावीक रक्कम दिली जाई. वर्षभरात सूचनांचा ढीग झाला, पण एकाच सुधारणेचे चार तुकडे करून चार चिठ्ठ्या टाकण्याची पद्धतही रूढ झाली, आणि ज्याला खरोखर काही सुचले होते तो "पैशासाठी लिहितो असे वाटायला नको" म्हणून गप्प बसू लागला. त्यापेक्षा सूचना करणाऱ्याला ती अमलात आणायला दोन तास मोकळे द्यावेत, लागणारे सामान द्यावे आणि काम साधल्यावर, आधी न ठरवता, त्याचा मान करावा.

मात्र युनियनशी करार करून ठरलेला उत्पादन इन्सेंटिव्ह हे वेगळे प्रकरण आहे. त्यावर घराचे हप्ते चालतात. "प्रेरणा आतून हवी" असे म्हणून कोणी त्याला हात लावला, तर ती सरळ पगारकपात होईल आणि पुढची कित्येक वर्षे त्या प्रमुखाच्या कोणत्याही चांगल्या बोलण्यावर विश्वास बसणार नाही.

समोरासमोरचे बोलणे

सर्वांत जास्त फरक पडतो तो दोन माणसांच्या बोलण्याने, आणि सर्वांत कमी शिकवले जाते तेही हेच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली दारूच्या समस्येने ग्रासलेल्या लोकांशी बोलण्याची एक पद्धत मांडली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्या साथीने ती विकसित केली. तिचा गाभा साधा आहे. तुम्ही एखाद्याला बदलण्याची कारणे सांगू लागलात की तो न बदलण्याची कारणे सांगू लागतो, आणि स्वतःच्या तोंडून निघालेले कारण माणसाला अधिक पटते. त्यामुळे बदलाची बाजू त्याने मांडावी अशा रीतीने प्रश्न विचारायचा. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातली ही रीत मशीनशॉपमध्येही तितकीच लागू पडते, याचा मी अनुभव घेतला आहे.

आमच्याकडे पन्नाशीचे एक सेटर, म्हणजे मशीन जुळवून देणारे कारागीर, होते. सगळे त्यांना मामा म्हणत. हात विलक्षण, पण पाळी सुटताना टूलचे ऑफसेट, म्हणजे टूल झिजते तशी मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती, वहीत लिहून ठेवण्याचा त्यांना कमालीचा कंटाळा. सूचना, तंबी, लेखी समज असे सगळे झाले होते. एका संध्याकाळी चहाच्या वेळी, आजूबाजूला कोणी नसताना, मी त्यांना विचारले, "मामा, सुटताना ऑफसेट लिहायचे म्हटले, तर तुमची तयारी दहापैकी किती?"

"तीन धरा साहेब."

"तीन म्हणालात. शून्य का नाही म्हणालात?"

ते बराच वेळ कपाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "शून्य कसं म्हणू? मागच्या महिन्यात रात्रपाळीच्या पोरानं टूलचा धारेचा इन्सर्ट बदलला आणि माझा मायनस ऑफसेट तसाच ठेवला. पहिले आठ-दहा जॉब मापापेक्षा लहान, अंडरसाइज गेले. बोलणी त्याला बसली. मी लिहिलं असतं तर वाचला असता तो."

"मग अडतंय कुठं?"

"वही ऑफिसात असते साहेब. सुटायच्या वेळी बसची घाई, हात तेलकट, कोण जातो तिकडं? मशीनला लटकवा, मग बघू."

वही दुसऱ्या दिवशी दोरीने मशीनच्या पॅनेलला बांधली, सोबत एक पेन्सिल बांधली, कारण तेलकट कागदावर पेन चालत नाही हेही मामांनीच सांगितले. त्या दिवसापासून ते लिहू लागले. रोज नव्हे, पण बहुतेक दिवस. आणि जे दिवस चुकत, त्या दिवशी रात्रपाळीचा मुलगा त्यांना फोन करू लागला.

या बोलण्यातल्या काही बारकाव्यांकडे लक्ष द्यावे. "का लिहीत नाही?" असा प्रश्न विचारला असता, तर सबबींची यादी मिळाली असती. "शून्य का नाही?" हा प्रश्न माणसाला स्वतःच्या चांगल्या बाजूकडे वळवतो, कारण उत्तर देताना त्याला थोडीफार का होईना, पण इच्छा असल्याचे कारण शोधावे लागते. प्रश्न विचारल्यावर गप्प बसणे सर्वांत अवघड असते. साहेब लोकांना शांतता सहन होत नाही आणि ते स्वतःच उत्तर देऊन टाकतात. हे बोलणे चूक घडली त्याच दिवशी करू नये, चारचौघांत करू नये आणि टेबलाच्या पलीकडे बसवून तर मुळीच करू नये. एखाद्याने खरोखरच "शून्य" म्हटले, तर मागणी लहान करावी: "शून्याचा एक व्हायला काय लागेल?" आणि त्याच्या उत्तरातून जी अडचण बाहेर येईल, ती शक्य तर चोवीस तासांत दूर करावी. ती दूर करायची नसेल, तर प्रश्नच विचारू नये. विचारून काही न करणे हे न विचारण्यापेक्षा अधिक घातक ठरते.

जिथे निवड नाही, तिथे हा प्रश्न विचारणे अप्रामाणिकपणाचे आहे. ग्राइंडरवर चष्मा लावायचा, हा हुकूम आहे आणि तो हुकूम म्हणूनच, कारणासह, सांगावा.

ठरवण्याचा अधिकार हातात द्यावा

माणसाला आपण कामाचे मालक आहोत असे वाटावे, असे आपण म्हणतो, पण साधा चहाच्या वेळेतला दहा मिनिटांचा बदलही त्याला ठरवू देत नाही. कोणते निर्णय खाली द्यायचे, याची यादी प्रमुखाने गटाबरोबर बसून करावी. सेटिंगचा क्रम, हत्यारांची मांडणी, पाळीच्या आतली कामाची वाटणी, नव्या आयटीआय शिकाऊ मुलाने कोणाच्या हाताखाली शिकायचे, मोजमापाच्या गेजची जागा, अशा बाबींपासून सुरुवात करता येते. ड्रॉइंगवरचे माप, ग्राहकाची मुदत आणि सुरक्षेचे नियम त्या यादीबाहेर राहतील, हेही त्याच बैठकीत सांगावे. कुंपण कुठे आहे हे ठाऊक असले की माणूस आतल्या जागेत निर्धास्त वावरतो.

या बाबतीत टोयोटाची दोरी प्रसिद्ध आहे. जोडणीच्या लाइनवर उभ्या असलेल्या कोणत्याही कामगाराला दोष दिसला की तो डोक्यावरची दोरी ओढतो, गटप्रमुख धावत येतो, आणि ठरलेल्या वेळात अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी, भांडणे आणि निकृष्ट गाड्या यांसाठी बदनाम होता आणि तो १९८२ साली बंद पडला. १९८४ साली टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी मिळून तो पुन्हा सुरू केला, तेव्हा घेतलेले बहुसंख्य कामगार जुनेच होते, युनियनही तीच होती. त्यांतल्या अनेकांना शिकण्यासाठी जपानला पाठवले गेले. लाइन काही झाले तरी थांबवायची नाही, या जुन्या दंडकाच्या जागी थांबवण्याची दोरी हातात आली, आणि थोड्याच काळात त्याच माणसांच्या हातून उत्तम दर्जाच्या गाड्या बाहेर पडू लागल्या.

दोरी टांगणे सोपे असते. ती पहिल्यांदा ओढली गेल्यावर साहेब काय बोलतो, यावर पुढचे सगळे ठरते. माझ्याकडून इथे एक मोठी चूक झाली आहे आणि ती सांगणे मला आवश्यक वाटते. "शंका आली तर मशीन थांबवा" असे मी सभेत जाहीर केले होते. चौथ्या दिवशी एका नव्या मुलाने बोअरच्या, म्हणजे आतल्या भोकाच्या, मापाची शंका येऊन मशीन थांबवले. डिस्पॅचची गाडी दारात उभी होती. तपासणीत माप बरोबर निघाले, आणि मी सर्वांदेखत म्हणालो, "एवढ्यासाठी थांबवलं?" तीन शब्दही पूर्ण झाले नाहीत, पण त्यानंतर त्या विभागात कित्येक महिने कोणी मशीन थांबवले नाही, आणि पुढे एक अख्खी बॅच ग्राहकाकडून परत आली तेव्हा दोघांनी सांगितले की मशीनचा आवाज बदललेला त्यांच्या लक्षात आला होता. मी त्या मुलाची सर्वांसमोर माफी मागितली. जी गोष्ट चारचौघांत मोडली, ती चारचौघांतच जोडावी लागते. तेव्हापासून माझा नियम असा आहे की खोट्या निघालेल्या शंकेवर पहिले वाक्य "थांबवलंस ते बरं केलंस, काय दिसलं तुला?" हेच असले पाहिजे, मग गाडी दारात असो वा नसो.

हत्तीची सोंड हलवणाऱ्या त्या ऑपरेटरकडे आम्ही एक जुने दुखणे सोपवले. जॉब धरून ठेवणाऱ्या एका फिक्स्चरचा क्लॅम्प सुटत असे आणि त्यावर बाहेरून दोनदा दुरुस्ती करून झाली होती. त्याने दोन गोष्टी मागितल्या: आठवड्यातून दोन तास आणि भंगाराच्या पेटीतून हवे ते घेण्याची मुभा. पहिले दोन प्रयत्न फसले. ते फसत असताना "कधी होणार?" असे विचारायचे नाही, एवढेच काम माझ्याकडे होते, आणि ते सोपे गेले नाही. तिसऱ्या प्रयत्नात त्याने बसवलेल्या कॅमच्या पकडीत जॉब घट्ट बसला.

काम कुठे जाते ते दाखवावे

ॲडम ग्रँट यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्यांची पाच मिनिटे अशा एका विद्यार्थ्याशी भेट घडवली, ज्याला त्या देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळाली होती. महिनाभराने ते कर्मचारी पूर्वीच्या दुपटीहून अधिक वेळ फोनवर देत होते आणि त्यांनी गोळा केलेली रक्कमही तशीच वाढली होती. त्यांना कोणी वरिष्ठाने भाषण दिले नव्हते.

आम्ही सहा ऑपरेटर चाकणच्या एका वाहन कारखान्याच्या जोडणीच्या लाइनवर नेले. आमचा ब्रेकचा भाग तिथे एक तरुणी बसवत होती. तिच्या उजव्या अंगठ्याच्या हातमोज्याला आतून चिकटपट्टी लावलेली होती. आमच्या एका ऑपरेटरने कारण विचारले, तर ती सहज म्हणाली, "दादा, या भागाच्या कडेला बर राहते ना, ती मोज्यातून टोचते." परतीच्या बसमध्ये कोणी फारसे बोलले नाही. दुसऱ्या दिवशी ही बर, म्हणजे कडेला उरणारी धातूची टोकदार कुसळे, काढण्याच्या डीबरिंगच्या टेबलावर कोणी काही सांगितलेले नसताना प्रत्येक जॉबच्या कडेवरून बोट फिरू लागले. अशी भेट वर्षातून एकदा तरी घडवावी. ते जमत नसेल, तर ज्याच्यापर्यंत काम जाते अशा माणसाला अर्धा तास आपल्याकडे बोलवावे. मात्र व्यवस्थापकांनी रंगवून सांगितलेल्या चित्रफितीवर भिस्त ठेवू नये. चिकटपट्टी लावलेला अंगठा तिच्यात दिसत नाही.

शाबासकीबद्दल थोडेच सांगायचे आहे. "छान काम करता" याचा उपयोग होत नाही. "काल तिसऱ्या जॉबला तुम्ही टूल बदलले, सहाव्याला बदलले असते तर फिनिश गेले असते" हे वाक्य माणूस घरी जाऊन सांगतो, कारण त्यातून कोणीतरी आपले काम खरोखर पाहिले, हे त्याला कळते. त्यासाठी दिवसातली निदान वीस मिनिटे लाइनवर उभे राहून, हातात फोन न घेता, पाहत राहावे लागते.

काही माणसे यातून काही घेणार नाहीत. कोणाच्या घरी आजारपण असते, कोणी निवृत्तीचे दिवस मोजत असतो, कोणाला हे कामच मुळात नको असते. पहिल्याला वेळ द्यावा, दुसऱ्याकडे शिकवण्याचे काम देऊन पाहावे, तिसऱ्याला बदलीसाठी प्रामाणिक मदत करावी. सुपरवायझरांना मात्र यातून सूट देऊ नये; वर प्रमुख विचारून घेतो आणि खाली सुपरवायझर हडेलहप्पी करतो, अशा विभागात कामगार सुपरवायझरचेच खरे मानतात. म्हणून वर सांगितलेले समोरासमोरचे बोलणे प्रथम सुपरवायझराशी, त्याच्या स्वतःच्या अडचणींबद्दल, करावे.

हे सगळे सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत आकडे बिघडल्यासारखे दिसतील, याची तयारी ठेवावी आणि आपल्या वरिष्ठांनाही आधीच सांगून ठेवावे. तक्रारी वाढतात, मशीन थांबण्याच्या नोंदी वाढतात, रिजेक्शन वाढलेले दिसते, कारण पूर्वी जे लपवले जात होते ते आता वहीत येते. या काळात आलेखाकडे पाहण्यापेक्षा मशीनला बांधलेली ती वही उघडावी. सुरुवातीला तिच्यात नुसते आकडे असतात. मग कोणीतरी आकड्याशेजारी प्रश्नचिन्ह काढतो. मग एखाद्या पानावर तेलाच्या बोटाच्या ठशाखाली पेन्सिलीने लिहिलेले आढळते की, "कूलंटची नळी वाकडी बसते, उद्या मी लवकर येऊन बघतो." त्या दिवशी त्याच्याआधी तिथे जाऊन नळीसाठी लागणारा पाना आणि नवी क्लिप टेबलावर ठेवून द्यावी.